किटमधून हॉपी समर एल: पहिल्या खेपेची वाट लागली, दुसरी सावरायचीय

बुडबुडा२१ | शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, किट आणून घरी समर एल, म्हणजे फिकी, हलकी उन्हाळी बिअर बनवतोय. आधी गेल्या खेपेचं रडगाणं, मग शंका.

किट अगदी साधं होतं. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या गोड पाकाचा, १.७ किलोचा डबा, झाकणाखाली यीस्टची पुडी आणि वेगळं कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या गोळ्यांचं ५० ग्रॅमचं पाकीट. डब्यातला पाक गरम पाण्यात विरघळवला, एक किलो साखर घातली, २३ लिटरपर्यंत पाणी भरलं, यीस्ट भुरभुरलं. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून सगळं दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं, त्यात हॉप्स टाकले आणि चार दिवसांनी बाटल्या भरल्या. भरताना एक घोट घेतला आणि खोलीत एकटाच हसत सुटलो. लिंबाची साल, ग्रेपफ्रूट, रंग पेंढ्यासारखा सोनेरी.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली फोडली. फेस झकास. रंग मात्र मळकट तांबूस आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा. हॉप्सचा मागमूस नाही. चव पातळ, आणि घोट गिळल्यावर मागे नेलपॉलिशसारखं काहीतरी.

आता तेच किट परत आणलंय, उद्या बनवायचंय. साखरेचं काय करू? माझी खोली २७ अंशांच्या खाली उतरत नाही, त्याला काही उपाय? आणि हॉप्स नेमके कधी टाकू?

निवळी | शनिवार, १०:४०

"दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं" म्हणजे कसं? नळीने, की वरून?

बुडबुडा२१ | शनिवार, १०:४४

वरून. गाळ खाली राहावा म्हणून सावकाश ओतलं हो ताई, पण वरूनच.

निवळी | शनिवार, ११:२०

मग चोर सापडला.

यीस्ट टाकायच्या आधी वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या गोड पाण्यात, जितकी हवा जाईल तितकी चांगली. यीस्टला नव्या पेशींची आवरणं बांधायला तो ऑक्सिजन लागतो. तेव्हा खुशाल उंचावरून ओता, फेस येईपर्यंत ढवळा. पण एकदा आंबायला लागलं की तीच हवा वैरी. तयार बिअरमध्ये ऑक्सिजन शिरला की सगळ्यात आधी हॉप्सचा वास मरतो, मग रंग काळवंडतो, मग पुठ्ठा. काळ्या स्टाउटमध्ये हे बरंचसं झाकून जातं. फिक्या, हॉप्सवर उभ्या असलेल्या एलमध्ये लपायला जागाच नाही. भरताना आलेला वास तीन आठवड्यांत गेला ना? म्हणजे हॉप्स चांगलेच होते. तुम्ही त्यांना हवा दाखवलीत.

दुसरी बादली हवीच कशाला? जुनी पत्रकं सांगतात की गाळावर बिअर राहिली तर यीस्ट कुजून चव बिघडते. घरच्या बादलीत दोन-तीन आठवड्यांत असलं काही होत नाही. त्याच बादलीत आंबवा, त्यातच हॉप्स टाका आणि तोटीला नळी लावून थेट बाटल्या भरा.

कडूगोड | शनिवार, ११:५२

किटवर वेळ घालवण्यापेक्षा धान्यापासून सुरुवात करा. डब्याची बिअर शेवटी डब्याचीच लागते.

गाळसाळ | शनिवार, दुपारी १:०५

कडूगोड, दर धाग्यावर तुमचं हेच पालुपद. ज्याला २७ अंशांची खोली सांभाळता येत नाही तो धान्य शिजवूनही नेलपॉलिशच बनवणार.

बुडबुडाराव, डब्यात काय असतं ते आधी बघू. कारखान्यात माल्ट भिजवून साखर काढलेली असते, हॉप्स घालून उकळलेलं असतं आणि पाणी उडवून त्याचा काकवीसारखा पाक केलेला असतो. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि तेव्हाच कडू होतात. म्हणजे कडूपणाचं काम आधीच झालंय, तुम्ही ते पुन्हा उकळून काही मिळत नाही. हॉप्सचा सुगंध मात्र उडनशील तेलांत असतो, तो उकळताना आणि पाणी उडवताना निघून जातो. त्यामुळे डब्यात कडूपणा आहे, वास जवळजवळ नाही. वास तुम्ही द्यायचा. हॉपी किटबरोबर वेगळं पाकीट येतं ते म्हणूनच.

डब्याची तारीख बघा. पाक जुना झाला की आतल्या आत काळा पडतो आणि बिअरला एक शिळी, जड गोडसर चव येते. लोक तिलाच "डब्याची चव" म्हणतात.

साखर: नुसती साखर पूर्ण आंबून जाते, मागे अंग काहीच उरत नाही. पातळपणाचं ते कारण. एक किलो साखरेऐवजी अर्धा किलो ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (त्याच माल्टच्या पाकाची कोरडी पूड) आणि अर्धा किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर) घ्या. पाणी २३ ऐवजी २१ लिटर.

तापमान: हा मोठा गुन्हेगार. आंबताना उष्णता निघते, त्यामुळे भर जोरात असताना बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतं. तुमचं यीस्ट तीसच्या आसपास पळत होतं. असं तापलं की एस्टर आणि जड अल्कोहोल भरमसाट बनतात. नेलपॉलिशचा वास हा एथिल अ‍ॅसिटेटचा, तोही एक एस्टरच. एलला १८ ते २० द्या, विशेषतः पहिले तीन दिवस. नंतर दोन अंश वाढलं तरी बिघडत नाही, उलट लोण्यासारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्ट तेव्हाच परत खातं.

उपाय: बादली मोठ्या टबात ठेवा, टबात निम्म्या उंचीपर्यंत पाणी, बादलीला ओला टॉवेल असा गुंडाळा की त्याची खालची कड पाण्यात राहील. सकाळ-संध्याकाळ पाण्यात बर्फाची बाटली सोडा. समोर पंखा लावलात तर आणखी दोन अंश खाली.

वितळबिंदू | शनिवार, २:३०

किंवा क्वाइक यीस्ट घ्या. नॉर्वेच्या शेतघरांतलं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, पस्तीस अंशांलाही खुशीत आंबवतं आणि नेलपॉलिश होत नाही. त्यातल्या व्हॉसला हलका संत्र्याचा वास असतो, हॉप्सबरोबर मस्त जमतो.

गाळसाळ | शनिवार, २:४१

+१. टबाचा कंटाळा असेल तर हेच.

बुडबुडा२१ | शनिवार, ३:१५

टबच करतो. किटची पुडी बाजूला ठेवून यूएस-०५ हे एलचं कोरडं यीस्ट आणलंय, ११.५ ग्रॅम. शिवाय सिट्रा हॉप्सचं ५० ग्रॅमचं आणखी एक पाकीट. पाण्याचं काय? नळाच्या पाण्याला कधीकधी औषधी वास येतो.

निवळी | शनिवार, ३:३०

तो क्लोरीन. यीस्टच्या संगतीत त्याचे क्लोरोफिनॉल बनतात आणि बिअरला दवाखान्याचा वास लागतो, अगदी कणभर असला तरी. उकळून गार केलेलं पाणी चालेल. पाण्यात क्लोरॅमाइन असेल तर ते उकळून सहज जात नाही, त्याला कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव गोळी २१ लिटरला पुरते. आणि भांडी ब्लीचने धुऊ नका, त्याच कारणासाठी. न विसळता चालणारं आम्लयुक्त सॅनिटायझर घ्या. फेस राहिला तर राहू दे.

संपादक | शनिवार, ४:००

नेहमीची सूचना: घरी बिअर बनवण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. आपापल्या ठिकाणचा कायदा बघूनच बादली चढवा.

बुडबुडा२१ | रविवार, दुपारी १२:३६

घात झाला. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. डबा गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला, पाक सुरसुर उतरला. तीन लिटर गरम पाण्यात तो, माल्ट आणि डेक्स्ट्रोज विरघळवलं. वरून गार पाणी घालून २१ लिटर केलं, तापमान २० वर आलं. हायड्रोमीटर (विरघळलेल्या साखरेमुळे पाणी किती जड झालंय ते मोजणारी काचेची नळी; साधं पाणी १.०००) लावला तर १.०२७! गेल्या खेपेला १.०३८ होतं. डब्यात पाकच कमी आला का? अजून साखर घालू? यीस्ट अजून टाकलेलं नाही.

गाळसाळ | रविवार, १२:४५

हात मागे घ्या! काही घालू नका.

हिशोब करा. हायड्रोमीटरवर १.००० च्या वरचा दर ०.००१ म्हणजे एक पॉइंट. पाकाचा एक किलो एका लिटरला साधारण ३०० पॉइंट देतो, ड्राय माल्टचा किलो ३६५ च्या आसपास, डेक्स्ट्रोजचा ३५०. तुमचे १.७ किलोचे ५१०, अर्धा किलो माल्टचे १८०, अर्धा किलो डेक्स्ट्रोजचे १७५. बेरीज ८६५. भागिले २१, म्हणजे ४१. ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचं माप, १.०४१ असायलाच हवी. सगळा पाक बादलीत गेला असेल तर ती साखर जाणार कुठे?

नमुना कुठून घेतलात, वरून ना? जड पाक तळाशी बसलाय आणि गार पाणी वर तरंगतंय. निर्जंतुक पळीने तळापासून पाच मिनिटं ढवळा, घुसळाच. आत्ता हवा गेली तर फायदाच आहे. मग बघा.

बुडबुडा२१ | रविवार, १:०२

१.०४१. 🙏

पळी तळाला लावली तेव्हा खाली पाकाचा थर सरळ हाताला लागला, चिखलात काठी रुतावी तसा. यीस्ट टाकलं. टॉवेल, टब, बाटल्या सगळं लावलं.

कडूगोड | रविवार, १:१०

या धाग्यावर हसू आणि शिकवणी दोन्ही फुकट.

बुडबुडा२१ | मंगळवार, सकाळी ७:५०

४२ तास झाले, एअरलॉकमध्ये (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) एकही बुडबुडा नाही. यीस्ट मेलं?

निवळी | मंगळवार, ८:०५

बादलीला बॅटरी लावून बघा, आत फेसाचा पट्टा दिसतोय का?

बुडबुडा२१ | मंगळवार, ८:१०

दिसतोय! चार बोटं जाड, वर तपकिरी डाग.

निवळी | मंगळवार, ८:१४

मग झाकण कुठून तरी सुटतंय, वायू तिथून जातोय. बुडबुडे म्हणजे घड्याळ नव्हे. ते थांबले म्हणून आंबणं थांबलं असं नाही, आणि सुरू आहेत म्हणून आंबतंय असंही नाही, तापमान वाढलं तरी विरघळलेला वायू सुटतो. विश्वास फक्त हायड्रोमीटरवर.

याच चुकीची माझी कहाणी ऐका. एकदा बुडबुडे थांबले म्हणून मी १.०१६ ला बाटल्या भरल्या. ती बिअर १.०१० पर्यंत उतरायची होती. बाटलीत राहिलेले दर दोन पॉइंट साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) जादा वायू देतात, म्हणजे फेसासाठी बाटलीत घातलेल्या साखरेच्या वायूवर आणखी तीन. एका रात्री कपाटातून धाड आवाज आला. सकाळी दार उघडलं तर दोन बाटल्यांचा चुरा आणि वरच्या फळीच्या लाकडात रुतलेली काच. उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि चष्मा घालून, गार करून, एकेक फोडून मोरीत ओतल्या. तेव्हापासून दोन दिवसांच्या अंतराने दोन सारखी मापं आल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

बुडबुडा२१ | पुढचा सोमवार, रात्री ९:२०

आठवा दिवस. १.०१३. तापमान सगळा वेळ १९ ते २०. नमुना चाखला: स्वच्छ, कडवट, पण वास नावाला. आता हॉप्स टाकायचे का?

वितळबिंदू | सोमवार, ९:४०

आत्ताच टाका. यीस्ट अजून थोडं जागं आहे. झाकण उघडताना जी हवा आत जाईल ती तेच खाऊन टाकेल.

कडूगोड | सोमवार, ९:५५

मी थांबलो असतो. आंबणं पुरं होऊ द्या, मग हॉप्स. चालू आंबण्यात वायूबरोबर बराच वास निघून जातो. आणि निम्मे हॉप्स ७५-८० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून तो काढा घाला, वास लगेच उतरतो.

निवळी | सोमवार, १०:१०

काढ्याबरोबर हवाही आत जाते. यांची आधीची खेप हवेनेच गेली, तेव्हा माझं मत वितळबिंदूंच्या बाजूने. शंभर ग्रॅम सगळे एकदम, सुटेच. पिशवी वापरायचीच असेल तर ढगळ घ्या, गोळ्या फुगून चौपट होतात, घट्ट पिशवीत मधला भाग कोरडाच राहतो. तीन दिवस पुरेत, जास्त ठेवलं की गवताची चव येते.

आणि हो, हॉप्समध्ये थोडी विकरं असतात. एरवी यीस्टला न पचणारी साखर ती तोडतात, आणि संपलंय असं वाटणारं आंबणं पुन्हा हलकंसं सुरू होतं. म्हणून हॉप्सनंतरही दोन मापं हवीतच.

वितळबिंदू | सोमवार, १०:२५

अवांतर: कॅस्केड १९७२ साली अमेरिकेत, ऑरेगनमधल्या सरकारी संशोधनातून बाहेर पडलं. त्याच्या वंशात इंग्लंडचं जुनं फगल आहे. फिक्या, हलक्या गोल्डन एलची लाट इंग्लंडमध्ये आली १९८० च्या दशकात, लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) पिणाऱ्यांना परत एलकडे (कोमट तापमानात आंबवलेल्या बिअरकडे) ओढायला. समर एल हे त्याच घरातलं. त्यामुळे कॅस्केड आणि समर एल हे लांबच्या नात्यातलं लग्न आहे.

बुडबुडा२१ | शुक्रवार, रात्री ८:१५

सोमवारीच टाकले. सिट्राचं पाकीट उघडलं तेव्हा शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, कसला वास येतोय. मंगळवारी फेस पुन्हा थोडा चढला. बुधवारी १.००९, आज १.००९. गोळ्या फुगून हिरवा चिखल झालाय, बराचसा बुडाला.

बाटल्यांत साखर कशी घालू? गेल्या वेळी चमच्याने घातली, अर्धी बाहेर सांडली.

निवळी | शुक्रवार, ८:४०

सगळी साखर बादलीत मिसळायची पद्धत चांगली, पण त्यासाठी पुन्हा दुसरी बादली आणि पुन्हा हवा. हे करा. वीस लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. १२० ग्रॅम साखर पाण्यात उकळा, गार झाल्यावर एकूण २०० मिलिलिटर भरेल इतकं उकळलेलं पाणी घाला. निर्जंतुक सिरिंजने बाटलीत ५ मिलिलिटर, म्हणजे बरोबर ३ ग्रॅम. वायू २.३-२.४ व्हॉल्यूम होईल, या जातीला शोभेल असा.

नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरा. तोंडाशी दोन बोटं जागा, लगेच बूच. बाटल्या तपकिरीच घ्या. उजेड पडला की हॉप्सच्या कडू द्रव्यांपासून एक गंधकयुक्त पदार्थ बनतो, त्याचा वास थेट स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा, पारदर्शक बाटलीत तर बघता बघता. एक प्लास्टिकची बाटलीही भरा. दाबून टणक लागली की वायू झालाय असं समजा.

बुडबुडा२१ | शनिवार, दुपारी ४:५०

भरल्या. सिरिंज म्हणजे वरदान आहे. अडतीस काचेच्या, एक प्लास्टिकची. शेवटची काचेची मात्र निम्मीच भरली, तळाचं घेतलं असतं तर हिरवा चिखल आला असता.

निवळी | शनिवार, ५:००

ती निम्मी आत्ताच पिऊन टाका. अर्धी बाटली हवाच आहे.

बुडबुडा२१ | शनिवार, ५:०४

नाही ताई. साखर घातली, बूच लावलं, गळ्यात लाल दोरा बांधला. काय होतं ते बघायचंय.

गाळसाळ | शनिवार, ५:२०

शाब्बास. दोन आठवडे वीस अंशांच्या आसपास, मग फ्रिज. आणि जपून ठेवू नका, ही बिअर पहिल्या दोन महिन्यांत संपवायची असते.

बुडबुडा२१ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून आज उघडल्या. १.०४१ ते १.००९, म्हणजे ४.२ टक्के.

आधी पूर्ण भरलेली. बूच निघताच खोलीभर संत्र्याची साल आणि पिकल्या आंब्यासारखं काहीतरी. रंग भरताना होता तोच, पेंढ्याचा. थोडी धूसर आहे, त्याची मला फिकीर नाही. कडूपणा जिभेच्या मागे राहतो आणि लगेच दुसरा घोट मागतो. नेलपॉलिश शून्य. तक्रार एकच, अंग अजून थोडं जास्त चाललं असतं. पुढच्या वेळी डेक्स्ट्रोज पाव किलोवर आणून माल्ट तेवढं वाढवेन.

मग लाल दोऱ्याची. तीच बादली, तोच दिवस, तीच साखर. दोन्ही पेले खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. एक सोनेरी, दुसरा गंजलेल्या खिळ्याच्या पाण्यासारखा. वास घेतला. पुठ्ठा.

कडूगोड | रविवार, ६:५२

एक बाटली इकडे पाठवा. सोनेरी.

निवळी | रविवार, ७:०५

दोन्ही पेल्यांचा फोटो टाका, पुढच्या "वरूनच ओतलं" वाल्याला दाखवायला लागेल.